साबरमतीच्या काठावर रोज पळा म्हणे!

वेताळटेकडी
कालच्या धाग्यात एकानं ठोकून दिलंय: "अहमदाबादेत असाल तर रिव्हरफ्रंटच्या खालच्या, पाण्यालगतच्या काठावर रोज पळा. सपाट, गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत. मॅरेथॉनची तयारी याहून चांगली कुठे होणार?" उत्तर लांबणार, म्हणून वेगळा धागा.

रोज? सगळे किलोमीटर त्याच काँक्रीटवर? सपाटीला प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच पडतं. तोच कोन, तेच स्नायू, तासाला दहा हजार वेळा. नडगीची आतली कड ठणकायला लागते ती अशानं. शिवाय चढ शून्य. असा गडी मुंबईच्या शर्यतीत पेडर रोडला पोचला की मांड्या जवाब देतात. आठवड्यात एक दिवस माती, एक दिवस चढ, एवढं हवंच.

मणिनगरकर
तो 'एक' मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

काँक्रीटनं गुडघे जातात ही ऐकीव गोष्ट. कडक जमिनीवर पाय आपसूक जरा जास्त वाकतो, मऊवर ताठ राहतो. धक्क्याचा हिशोब बराचसा जुळतो. गुडघे जातात लांब ढांगांनी. टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि धक्का थेट वर जातो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर वेग तोच ठेवून १७० करा, भार कमी होतो. पण एकदम नको, आधी पाच-पाच मिनिटांचे तुकडे. आणि चढ हवा तर वरच्या काठाला जायचे जिने काय शोभेचे आहेत? आठ-दहा वेळा चढा, उतरताना चाला.

टाचदुखी
काँक्रीट-माती करत बसलात, ऊन दोघांच्याही खिजगणतीत नाही. खालच्या काठाला झाडांची सावली जवळपास नाहीच, सावली वरच्या काठाच्या भिंतीची. सकाळी पूर्व काठ धरा, सूर्य भिंतीमागे राहतो. पश्चिम काठावर तो नदीवरून थेट तोंडावर येतो, वर पाण्याची तिरीप. संध्याकाळी उलट. पण मे महिन्यात संध्याकाळी तीच भिंत दिवसभराची धग परत करते, तेव्हा पहाटच बरी. आणि पुलांखाली घड्याळाचा जीपीएस भरकटतो. वेगाचे तुकडे मोजायचे तर नेहरू पूल आणि एलिस पूल यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात मोजा.

मुठाकाठ
मोजा, मोजा. हेच मॉडेल पुण्यात ४४ किलोमीटर नदीकाठाला चिकटवताहेत, त्यावर कुणी बोलेना.

मणिनगरकर
आलं पुणं! धागा पळण्याचा आहे हो.

मुठाकाठ
पळण्याचंच बोलतोय. तुमच्या पात्रातलं पाणी वासणा बॅरेजनं अडवलेलं, भर नर्मदा कालव्याची. मुठेचं तसं नाही. खडकवासला धरण जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं, वर पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं. वरची भरली आणि पाऊस लागला की खडकवासल्यात साठवायला जागाच नसते, सोडावंच लागतं. २५ जुलै २०२४ ला ३५ हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या, आसपास सोडलं. म्हणजे दिवसाला तीन टीएमसी! पात्रातला बुटका भिडे पूल तर त्याच्या निम्म्यातही बुडतो. पावसाळ्यात तुमचा ट्रॅक कुठे असेल ते सांगा.

मणिनगरकर
पाण्याखाली. वरच्या धरोई धरणातून मोठा विसर्ग झाला की आमचाही जातो, खालचा काठ बंद करतात, गाळ काढून धुतात, पुन्हा उघडतात. त्यात आभाळ कोसळत नाही.

मुठाकाठ
धुतात कुणाच्या पैशानं? आणि तुमचा गाळ रेतीचा-मातीचा. आमच्याकडे मैलापाणी आहे, जलपर्णी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीला नदीवर डासांचे खांब उठले होते, अख्ख्या देशानं पाहिले. तिथे तोंड उघडून पळणार? आधी मैलाशुद्धी, मग फरशी.

वेताळटेकडी
मुठाकाठ, क्रम बरोबर आहे, पण प्रत्येक धाग्यात तेच पुराण लावलंत की माणसं वाचेनाशी होतात.

मुठाकाठ
टेकडीवर बसून नदीबद्दल बोलणं सोपं असतं.

टाचदुखी
भांडण चालू द्या, गाळाचं तेवढं सांगून जातो. धुतल्यावरही फरशीच्या सांध्यांमध्ये बारीक थर उरतो. सुकला की दिसत नाही, दव पडलं की पाय सरकतो. झिजलेल्या तळव्याचे बूट अशा दिवसांत घालूच नका. वळताना पाऊल आखूड ठेवा, पायऱ्यांच्या तोंडाशी चाला.

वेताळटेकडी
बरं, जिन्यांचं मान्य. मोठा शोध लावलात. पण पेडर रोडला चढाइतकीच उतरण मारते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणत ताणत भार पेलतो. जिना चालत उतरून ती सवय होत नाही. त्याला पळतच उतरावं लागतं.

मणिनगरकर
मग वर या. पुलांना दोन्हीकडे उतार आहेत. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत, फुटपाथवरूनच, चार फेऱ्या. पहिल्या आठवड्यात दोनच, नाहीतर दोन दिवस खुर्चीवरून उठताना माझी आठवण काढाल. पुढचा आक्षेप पाठवा.