सिग्नलला गाडी बंद पडते आणि दोष म्हणे पेट्रोलचा!

सिडकोकर: १९९८ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळणारा जुना भाग). गरम झाली की नाशकात द्वारकेला, मुंबई नाक्याला सिग्नलवर बंद. गॅरेजवाला म्हणतो, कार्ब्युरेटरच नवा टाका. हे सगळं ई२० चं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं) पाप. जुन्या गाड्या भंगारात घालायचा डाव, दुसरं काय!

कार्बवाला: ‘सगळं ई२० चं पाप’ वाचून राहवलं नाही. अहो, बंद पडते म्हणजे कशी? दिवा मालवल्यासारखी झटक्यात, की आचके देत? लगेच चालू होते, की बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं? झटक्यात विझत असेल तर ठिणगीचा करंट बघा: कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप, मॉड्युल, घासलेला इग्निशन स्विच, बॅटरीची सैल अर्थिंग वायर. आचके देत असेल तर पेट्रोल.

तपासणी बंद पडल्या पडल्या, गरम इंजिनावरच करायची. गार झाल्यावर सगळं ठणठणीत दिसतं आणि मग गॅरेजवाला अंदाजाने पार्ट बदलत सुटतो. एक प्लग काढून त्याच्याच वायरला लावा, प्लगचं मेटल इंजिनाला टेकवा (कार्ब्युरेटरपासून लांब), कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, कडक हवी. ती असेल तर एअर फिल्टर काढून इंजिन बंद ठेवून थ्रॉटलची केबल हाताने ओढा. कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची धार दिसली पाहिजे. नाही दिसली तर फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) कोरडा असावा.

आणि फुकटातली चाचणी: बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणाचा व्हेंट (हवेचं भोक) चोंदलाय. टाकीत व्हॅक्यूम होतो, पंप बिचारा काय ओढणार?

पंचवटीचा पाना: व्वा, इथेनॉलला क्लीन चिट! या गाडीत ईसीएम (पेट्रोलचं माप ठरवणारा कॉम्प्युटर) नाही. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) ठरलेल्या मापाचे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि सगळ्यात आधी आयडल (पाय काढल्यावरची इंजिनाची संथ चाल) डळमळतं. शिवाय मेकॅनिकल पंप इंजिनालाच चिकटलेला. तापला की पेट्रोलची वाफ, म्हणजे व्हेपर लॉक. जुनं रबर फुगतं ते वेगळंच. ई२० ला चालेल अशा सामानाच्या गाड्या एप्रिल २०२३ पासूनच्या. १९९८ मध्ये याचा विचार कुणी केला होता?

निफाडकर: इथेनॉलमुळे उसाला, मक्याला दोन पैसे मिळाले की शहरवाल्यांच्या पोटात दुखायला लागतं. तीस-तीस वर्षांच्या गाड्या, रबरी नळ्या कधी बदलायच्या नाहीत, आणि बोट शेतकऱ्याकडे.

पंचवटीचा पाना: शेतकऱ्याकडे बोट कुणी दाखवलं? लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. वीस टक्के मिसळलं की साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी. दर कमी झाला का? आणि पंधरा वर्षांनंतरच्या कारची रजिस्ट्रेशन फी २०२२ मध्ये ६०० ची ५,००० केली, तीही शेतकऱ्यासाठीच का?

निफाडकर: आता आरटीओ पण आणा मध्ये. पेट्रोलचा संशय आहे ना? मोजपात्रात १०० मिली पेट्रोल, १० मिली पाणी घाला, हलवा, थर बसू द्या (हे मोकळ्या हवेतच करा). खालचा थर १० वरून जितका वाढेल तितकं इथेनॉल. ही वाढ वीसच्या फार वर गेली तर बोला.

पंचवटीचा पाना: वीस असलं तरी त्रास होतो, हेच तर मी सांगतोय! वाचता येतं ना?

कार्बवाला: धागा गाडीचा आहे, उसाचा नाही. पातळ मिश्रणाचा मुद्दा बरोबर, मान्य. पण व्हेपर लॉकमध्ये गाडी लगेच चालू होत नाही, थांबावं लागतं. सिडकोकर, तोंड उघडा.

सिडकोकर: झाकण उघडलं, फुस्स नाही. आणि लगेच चालू होते, पण ॲक्सिलरेटर दाबून ठेवला तरच. पाय काढला की गेली.

कार्बवाला: हे आधी सांगायला काय झालं होतं! कार्ब्युरेटरचं मेन सर्किट (गाडी पळताना पेट्रोल देणारी वाट) ठीक आहे, आयडलला पेट्रोल मिळत नाही. कार्ब्युरेटरवरचा फ्युएल कट सोलेनॉइड (चावी ऑन केली की आयडलच्या पेट्रोलची वाट उघडणारा विजेचा व्हॉल्व्ह) बघा. इंजिन गरम पण बंद, चावी ऑन, वायर काढून परत लावा. ‘टक’ झालं पाहिजे. नाही झालं तर टेस्ट लॅम्पने वायरला करंट येतो का बघा. येत असेल तर सोलेनॉइड गेला, नसेल तर फ्यूज किंवा कनेक्टर. टक होत असेल तर आयडल जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं. मग कार्ब्युरेटरच्या बुडाच्या गॅस्केटमधून हवा खेचतंय का ते. आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी. लोक तिथूनच सुरुवात करतात आणि मूळ दोष झाकून ठेवतात.

पंचवटीचा पाना: जेटमध्ये कचरा निघाला तर तो आला कुठून? इथेनॉलनेच टाकीतला गाळ सोडवला.

कार्बवाला: सोडवला असेल. पंचवीस वर्षं तो जपून कुणी ठेवला होता? फिल्टर बदला आणि विषय संपवा.

सिडकोकर: गार असताना टक येतो, गरम झाल्यावर नाही. वायरला करंट आहे.

निफाडकर: सोडा मग आता उसाला.

पंचवटीचा पाना: सोलेनॉइड बदलाच, पण नळ्याही बदला. इथेनॉल चालणाऱ्या मागून घ्या.

सिडकोकर: गॅरेजवाला म्हणतो सोलेनॉइड सुटा मिळत नाही, अख्खा कार्ब्युरेटरच घ्या.

कार्बवाला: जुना काढून हातात घेऊन स्पेअरच्या दुकानात जा. आटे आणि पिनची लांबी जुळवून आणा. वॉशर नवा टाका, नाहीतर तिथूनच हवा खेचेल आणि परत इथे याल.