सापळ्यात पतंग नाहीत, बोंडात मात्र अळ्या

प्रश्न: कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग ओढणारे) आहेत. पतंग जेमतेम १-२, तरी बोंडं किडकी. सापळे खोटं बोलतात का?

उत्तर १: ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) कधीचं आहे? ३-४ आठवड्यांनी बदलायलाच हवं. शिवाय पीक वाढलं की सापळाही वर सरकवा, शेंड्यापेक्षा वीतभर उंच. पानांत बुडालेला सापळा काय पकडणार! अमेरिकन बोंडअळीचं ल्युअर हाताळून त्याच हातांनी गुलाबीचं लावू नका.

उत्तर २: सापळ्यात फक्त नर येतात, मादी नाही. बोंडं फोडल्याशिवाय खरं कळत नाही. नागमोडी फिरून २० झाडांवरचं एकेक हिरवं, मऊसर बोंड फोडा. दोनांत अळी दिसली की फवारणीची वेळ झाली, सापळा रिकामा असला तरी. कडेचीच झाडं निवडाल तर अंदाज चुकेल.

मूळ प्रश्नकर्ता: ल्युअर दीड महिन्याचं निघालं. बोंडं उद्या फोडतो.