मदत हवी आहे: सहावा महिना, मे महिना आणि सांगलीहून नागपूरचा प्रवास

कृष्णाकाठची

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचे लग्न 22 मे रोजी नागपूरला आहे. मुलीकडची मंडळी तिकडची असल्यामुळे लग्न तिकडेच आहे आणि मी एकुलती एक बहीण, म्हणजे करवली मीच. मला सहावा महिना चालू आहे. गेले आठ दिवस घरात याच विषयावर बोलणे चालले आहे, पण प्रत्येक जण 'बघू' एवढेच म्हणतो आणि तिकिटे मात्र रोज भरत चालली आहेत. नागपूरच्या उन्हात चार दिवस काढायचे तर काय काळजी घ्यावी, बरोबर काय न्यावे आणि प्रवास कशाने केला तर त्रास कमी होईल, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी सांगावे. 'जाऊच नका' असे कृपया कोणी लिहू नये. सांगलीचे ऊनही कमी नसते, त्यामुळे उन्हाची मला सवय आहे.

मिरजेची परिचारिका

ताई, मी तीस वर्षे प्रसूती कक्षात काम केले आहे, म्हणून आधी विचारते आणि मग सांगते. महिने नकोत, आज नेमके किती आठवडे आणि किती दिवस झाले आहेत? पहिली खेप आहे का? रक्तदाब किती असतो, हिमोग्लोबिन किती आहे, रक्तगट कोणता, विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत काय लिहिले आहे? हे कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला हवेतला ठरेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तुमच्या डॉक्टरांना विचारले आहे का?

साताऱ्यातली वैदर्भीय

माझे माहेर नागपूर आणि सासर सातारा, त्यामुळे दोन्हीकडचे ऊन अंगावर घेतले आहे. सांगलीच्या उन्हाची सवय नागपुरात पुरत नाही, हे मी मनापासून सांगते. आपल्याकडे संध्याकाळी वारा सुटतो, तिकडे मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंती गरम लागतात. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश तापमानाची नोंद झाली होती, म्हणजे तुमच्या लग्नाचाच आठवडा. दरवर्षी एवढे होत नाही, पण 43-44 हे तिथे त्या दिवसांत नेहमीचेच आहे. दुसरी गोष्ट अशी की तिथली हवा कोरडी असते. घाम आला तरी लगेच वाळून जातो, आपण घामाघूम झालो असे वाटतच नाही आणि शरीरातले पाणी किती गेले ते लक्षात येत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे आणि लघवी गडद पिवळी किंवा कमी होऊ लागली तर तो इशारा समजावा.

लग्नाचा मुहूर्त किती वाजताचा आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

कऱ्हाडकर काका

बेटा, स्वतःची गाडी काढा आणि समृद्धी महामार्ग धरा. 701 किलोमीटरचा हा रस्ता आता पूर्ण खुला झाला आहे. हवे तिथे थांबता येते, मागच्या आसनावर आडवे होता येते, गाडीत थंड हवा असते. मी मागच्या वर्षी सहकुटुंब वर्ध्याला जाऊन आलो, काहीही त्रास झाला नाही. जाताना खिशात एक कांदा ठेवावा, ऊन लागत नाही.

अजिंक्यतारा

काका, समृद्धी मुंबई-नागपूर रस्त्यावर आहे. सांगलीहून पुणे गाठायचे, तिथून पुढे तो रस्ता पकडायचा आणि मग उरलेले अंतर तोडायचे, म्हणजे गर्भवती बाईने एकूण किती तास गाडीत बसायचे? शिवाय त्या रस्त्यावर मैलोन् मैल सावली नाही. त्यापेक्षा पुण्याहून वंदे भारत उत्तम. सकाळी निघाले की सुमारे बारा तासांत नागपूरच्या अजनी स्थानकात पोहोचता येते, डबा वातानुकूलित असतो आणि स्वच्छतागृह जवळ असते.

साताऱ्यातली वैदर्भीय

या वंदे भारतमध्ये फक्त बसण्याच्या खुर्च्या असतात. बारा तास पाय लोंबकळत ठेवून बसणे सातव्या महिन्याच्या उंबरठ्यावर कसे जमेल? पायांना सूज येईल ती वेगळीच. महाराष्ट्र एक्सप्रेस सांगलीवरूनच जाते आणि झोपून जाता येते, पण तिला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो आणि अकोला-बडनेरा-वर्धा हा टप्पा ती दुसऱ्या दिवशी भर दिवसा ओलांडते. त्या वेळी स्लीपरच्या डब्यात खिडकीतून येणारा वारा म्हणजे भट्टीची झळ असते. त्या गाडीने जायचेच असेल तर वातानुकूलित डबा आणि खालचा बर्थ हवाच. ज्येष्ठ नागरिक, 45 वर्षांवरील स्त्रिया आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर चौकशी करावी.

हिशेबनीस

प्रसूती रजेबाबत कोणी लिहिले नाही, म्हणून सांगतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. त्यासाठी मागच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. लग्नासाठी ही रजा आतापासून खर्च करू नये.

कृष्णाकाठची

मी घरी शिकवणी घेते, मला रजेचा प्रश्न नाही. मी उन्हाबद्दल विचारले आणि उत्तरे भलतीकडेच चालली आहेत, तरी विचारलेली माहिती देते. आज 24 आठवडे 5 दिवस झाले. पहिली खेप आहे. रक्तदाब नेहमी व्यवस्थित असतो, हिमोग्लोबिन 10.4 आहे आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा आहे. 20 तारखेला निघून 25 तारखेला परत यायचे ठरते आहे. सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित आहे. वार (प्लॅसेंटा) थोडी खाली आहे असे लिहिले होते, पण ती नंतर वर सरकते असे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते, म्हणून वर लिहिले नाही. डॉक्टरांना लग्नाचे अजून विचारलेले नाही, कारण त्या नाही म्हणतील अशी भीती वाटते.

मिरजेची परिचारिका

ताई, ज्याच्यावर सगळे अवलंबून आहे तेच तुम्ही शेवटी लिहिले. गाडी की विमान, कांदा की ताक, हे सारे त्याच्या नंतरचे आहे.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितले ते खरे आहे. विसाव्या आठवड्यात खाली दिसणारी वार बहुतेक वेळा गर्भाशय वाढेल तशी वर जाते. परंतु ती गेली आहे की नाही, हे पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही. नेहमीची तपासणी 32 व्या आठवड्याच्या सुमारास होते, तुम्हाला मात्र त्याआधी प्रवास करायचा आहे. वार गर्भाशयाच्या मुखाच्या जवळ राहिली असेल तर अचानक आणि पोटात न दुखता रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो धावत्या गाडीत झाला तर पुढचे मोठे रुग्णालय किती दूर आहे, हाच प्रश्न उरतो. या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा आणि त्यांना प्रवासाच्या तारखा, साधन व मुहूर्ताची वेळ सगळे सांगा. त्या नाही म्हणाल्या तर कारणासकट म्हणतील, आणि हो म्हणाल्या तर तुम्ही निर्धास्त जाल. रक्तगट लिहायचा राहिला आहे.

वाळव्याची आई

मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, परंतु माझ्या बाबतीत हे घडले आहे. माझी वारही खाली होती. 'वर सरकते' हे वाक्य मीही ऐकले होते आणि त्यावरच विसंबून 27 व्या आठवड्यात देवदर्शनाला बसने निघाले. सोलापूरच्या अलीकडे रक्त दिसले. पहिल्या दवाखान्यात आम्हाला दाखल करून घेतले नाही आणि दुसरा शोधण्यात दीड तास गेला. माझ्याकडे फाईल नव्हती, सोनोग्राफीचा कागद नव्हता, माता बाल संरक्षण कार्डही घरीच राहिले होते. नऊ दिवस त्या परक्या गावात पडून काढले. बाळ सुखरूप झाले, आज पाच वर्षांचे आहे, तरी त्या दीड तासाची आठवण आली की अजून हात थरथरतात. म्हणून ताई, आधी दाखवून घ्या.

कऱ्हाडकर काका

आमच्या आईने आठव्या महिन्यापर्यंत शेतात काम केले. इतके घाबरून कसे चालेल? पोरीला भावाच्या लग्नाला जाऊ द्यावे.

मिरजेची परिचारिका

काका, तुमच्या आईंच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. परंतु त्या काळात ज्यांचे बरे झाले त्यांच्याच गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या, ज्यांचे झाले नाही त्यांच्या घरांत त्यावर कोणी बोलले नाही. आणि तुमच्या आधीच्या सल्ल्याबद्दलही सांगते: धावत्या गाडीत मागे आडवे झोपणे मुळीच योग्य नाही. बसूनच जावे आणि पट्टा लावावा, पट्ट्याचा खालचा भाग पोटाखालून कमरेच्या हाडांवर आणि वरचा भाग छातीच्या मधून पोटाच्या बाजूने यावा. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे, कारण गर्भारपणात पायांच्या नसांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका एरवीपेक्षा जास्त असतो आणि फार वेळ एका जागी बसल्याने तो आणखी वाढतो.

साताऱ्यातली वैदर्भीय

कांदा आमच्याकडेही ठेवतात, माझी आजी पदराला बांधून देत असे. त्याने अपाय नाही, पण त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी ठेवू नये. ओआरएसच्या पुड्या न्याव्यात. मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण मिसळायची आणि ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचे. नुसती ग्लुकोजची पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. पन्हे आणि मठ्ठा भरपूर मिळेल, घरचा असेल तर निःशंक घ्यावा, मात्र बाहेरचा बर्फ टाळावा. सावजी रस्सा आग्रहाने वाढतील, तो या दिवसांत पोटात आणि छातीत जळजळ करतो, तेव्हा नम्रपणे नको म्हणावे. खोलीत कूलर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर आत दमट होऊन जीव घुसमटतो. कूलरच्या पाण्यात डास होतात, तेव्हा ते पाणी बदलले आहे का, हे विचारायला संकोचू नये.

आता मुहूर्ताबद्दल. साडेबाराला मंडपात उभे राहून अक्षता टाकणे आणि वरातीबरोबर उन्हात चालणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. वरात सोडून द्यावी. करवलीचा मान मंडपात असतो. शालूऐवजी सुती नऊवारी किंवा हलकी साडी नेसली तर कोणी काही म्हणणार नाही, मी स्वतः सुती साडीतच उभी होते. सकाळी दहाच्या आत कार्यालयात पोहोचावे आणि संध्याकाळी सहानंतरच बाहेर पडावे.

कृष्णाकाठची

30 तारखेला जाऊन आले. वाळव्याच्या ताईंचे वाचून रात्रभर झोप लागली नव्हती, त्यामुळे भीती बाजूला ठेवून सगळे विचारले. आतून सोनोग्राफी केली. वार आता मुखापासून 31 मिलिमीटर दूर आहे, आणि 20 च्या पुढे असेल तर ती खाली धरत नाहीत, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यांनी प्रवासाला होकार दिला, पण अटींवर. 25 तासांची रेल्वे नको. पुण्यापर्यंत गाडीने थांबत जायचे, रात्री तिथे मावशीकडे राहायचे आणि सकाळचे विमान घ्यायचे. परतताना 28 आठवड्यांच्या पुढे गेलेली असेन, म्हणून विमान कंपनीसाठी तारखेचे पत्र त्या देणार आहेत. अनेक कंपन्या त्यानंतर असे पत्र मागतात, असे त्यांनी सांगितले. नागपुरातल्या मुक्कामाजवळचे प्रसूती रुग्णालय आधीच पाहून ठेवायला आणि 108 क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये भरायला सांगितले. रक्त दिसले, पाणी जाऊ लागले, पोट राहून राहून कडक होऊ लागले, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली तर मुहूर्त चालू असला तरी उठून निघायचे, असे त्यांनी माझ्या मिस्टरांकडून कबूल करून घेतले.

वरात मी सोडली आहे. भावाला फोन करून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ताई, तू मंडपात खुर्ची टाकून बस, मी तुझ्याजवळ येतो."

मिरजेची परिचारिका

मनापासून बरे वाटले. आता तिसऱ्यांदा विचारते, रक्तगट कोणता?

कृष्णाकाठची

ए निगेटिव्ह. मिस्टरांचा बी पॉझिटिव्ह आहे. त्याचा प्रवासाशी काय संबंध, म्हणून लिहिले नव्हते.

मिरजेची परिचारिका

संबंध आहे. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील आणि आईच्या रक्तात बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली नसतील, तर ती होऊ नयेत म्हणून 28 व्या आठवड्याच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन देतात. तुमचे 28 आठवडे बरोबर 20 मे रोजी, म्हणजे निघण्याच्या दिवशी पूर्ण होतात. त्याआधीची रक्ततपासणी कधी करायची आणि इंजेक्शन निघण्यापूर्वी घ्यायचे की परतल्यावर, हे उद्याच डॉक्टरांना फोन करून ठरवा. घेतले तर त्याची तारीख फाईलवर लिहून घ्या. प्रवासात रक्तस्राव झालाच तर पुन्हा अँटी-डी लागते का हे तिथले डॉक्टर ठरवतील, आणि ते 72 तासांच्या आत द्यायचे असते. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर, कोणालाही सहज दिसेल असा, रक्तगट मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती फाईल सामानाच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.