झडप सैल निघाली की सरळ हृदयाचा एमआरआय? मला पटत नाही

धंतोलीचा वाटसरू (मूळ पोस्ट)
पुतणी 23 वर्षांची. धडधड होते म्हणून मागच्या महिन्यात टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टमध्ये मायट्रल व्हॉल्व्ह प्रोलॅप्स (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप सैल होऊन मागे झुकणं), गळती (झडपेतून रक्त मागे येणं) किरकोळ. पहिले डॉक्टर म्हणाले, काही नाही, वर्षाने दाखवा. दुसऱ्यांनी हृदयाचा एमआरआय सांगितला, गॅडोलिनियमचं (चित्रात खराब भाग उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) इंजेक्शन देऊन. म्हणे ठोके बिघडायचा धोका त्यात कळतो. त्या दिवसापासून वहिनींनी पोरीची स्कूटी बंद केली आहे आणि घरात दुसरा विषय नाही.

माझं मत: हे जास्तीचं आहे. शंभरात दोन-तीन माणसांची ही झडप अशी मागे झुकते. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहर 24 लाखांचं होतं, म्हणजे त्या हिशोबानेच पन्नास-साठ हजार लोक झाले. त्यांतले बहुतेक म्हातारे होऊन दुसऱ्याच कारणाने जातात. एवढ्या सगळ्यांना मशीनमध्ये सरकवायचं का? आणि खर्च इकोच्या कितीतरी पट.

मानेवाड्याचा मास्तर
भाऊ, बरोबर बोलून राहिले तुम्ही. या आजाराला शिक्के मारायची जुनी खोड आहे. 1970-80 च्या दशकांत इको नवा होता, तेव्हा धडधाकट पोरींनाही धडाधड प्रोलॅप्स निघायचा. पुढे लक्षात आलं की झडपेची कडा सपाट नसते, घोड्याच्या खोगिरासारखी असते. एका बाजूने पाहिलं की निरोगी झडपही मागे गेल्यासारखी दिसते. मग नियम झाला: छातीच्या कडेने घेतलेल्या लांब चित्रात झडपेची पाकळी कडेच्या 2 मिमी मागे गेली तरच प्रोलॅप्स. आता तीच गंमत एमआरआयची होऊ नये.

इको_ताई
चौदा वर्षं प्रोब हातात धरून आहे, म्हणून बोलते. वाटसरूभाऊ, तुमचं भांडण एमआरआयशी आहे, पण गडबड त्याच्या आधी झाली असेल. आपल्याकडे बहुतेक रिपोर्ट गळतीपाशीच संपतात: किरकोळ, मध्यम, जास्त. ठोक्यांचा धोका गळतीवरून नेहमी कळत नाही. गळती थोडी असूनही ठोके धोक्याचे निघालेले पेशंट आहेत.

बिजागरी बघावी लागते. मागची पाकळी डाव्या कप्प्याच्या स्नायूला जिथे चिकटते, तिथे काही जणांत ती स्नायू सोडून वर, आलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) भिंतीवर बसलेली असते. मायट्रल अ‍ॅन्युलर डिसजंक्शन म्हणतात. दरवाजा चौकटीऐवजी भिंतीला लावल्यासारखं. प्रत्येक ठोक्याला तो भाग गोल वळतो आणि झडपेच्या दोऱ्या खालच्या पॅपिलरी स्नायूंना (या दोऱ्या धरून ठेवणाऱ्या) हिसका देतात. दिवसाचे ठोके लाखभर. त्या हिसक्यांनी पॅपिलरी स्नायूत आणि मागच्या भिंतीच्या बुडाशी व्रण पडतो आणि वीज तिथून भरकटते, असं मानतात. टिश्यू डॉपलरमध्ये (इकोतच स्नायूच्या हालचालीचा वेग मोजतात) झडपेच्या कडेचा वेग सेकंदाला 16 सेंमीच्या वर टोक काढून गेला तर त्याला पिकेलहाउबे खूण म्हणतात, जर्मन सैनिकांच्या टोकदार टोपीवरून. हे सगळं साध्या इकोत दिसतं, बघितलं तर.

व्रण मात्र इकोत नीट दिसत नाही. गॅडोलिनियम निरोगी स्नायूतून लवकर निघून जातं, व्रणात रेंगाळतं. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र घेतलं की तो भाग पांढरा येतो. एमआरआय हवा तो एवढ्यासाठी.

सावजी_बंद_नाही
सावजी कमी करा बापा, धडधड आपोआप थांबते 😄

अजनीची
वरच्या कमेंटवर हसू आलं नाही. आमच्या ऑफिसातली मैत्रीण, 31 वर्षांची. गळती किरकोळ, म्हणून फाइल बंद. एका सकाळी उठलीच नाही. नंतर जुने ईसीजी काढून दाखवले, तर खालच्या लीडमधल्या (हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या) टी लहरी (ठोक्यानंतर येणारी लहर) उलट्या होत्या आणि जास्तीचे ठोके जागोजागी. कोणाला दोष देत नाही, पण "सगळ्यांना नको" म्हणणारे लोक तिच्या आईसमोर म्हणून दाखवा.

मानेवाड्याचा मास्तर
ताई, वाईट वाटलं. पण आकड्यांचं बोलायलाच लागते. इटलीतल्या पादुआमधलं 2015 चं काम यावर सगळे दाखवतात: अचानक गेलेल्या 650 तरुणांत 43 जणांना प्रोलॅप्स, आणि त्यांच्या पॅपिलरी स्नायूंत व्रण. खरंच आहे. पण ती गेलेल्यांची यादी आहे. जिवंत असलेल्या हजारांत किती जणांना असा व्रण असून काही होत नाही, हे त्यातून कसं निघणार? डिसजंक्शनचंही तेच. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण लोकांचे एमआरआय तपासले तर थोडंफार बहुतेकांत सापडलं. पांढरा डाग दिसला म्हणून पोरीच्या छातीत डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की झटका देणारं यंत्र) बसवायचा काय? लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका.

इको_ताई
नुसत्या डागावर मशीन कोणी बसवत नाही, मास्तर. 2022 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी यावर एकमताचं निवेदन काढलं, त्यातही धोका अनेक खुणा एकत्र धरूनच ठरवायचा आहे. डिसजंक्शन कुठे आहे आणि किती, यालाही अर्थ असतो. मी तर क्रम सांगते. कधी बेशुद्ध पडली? ईसीजीत टी उलट्या? दोन्ही पाकळ्या सैल, जाड? होल्टरवर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र) जास्तीच्या ठोक्यांच्या रांगा? यातलं काहीच नसेल तर एमआरआयची घाई कशाला, तिथे मी तुमच्याच बाजूची. पण "वर्षाने दाखवा" म्हणायच्या आधी हे चार प्रश्न विचारायला दहा मिनिटं लागत नाहीत.

अजनीची ताई, तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत ईसीजीच आधी बोलत होता.

धंतोलीचा वाटसरू
काल रात्री पुतणीला बाजूला घेऊन विचारलं. दोन वर्षांपूर्वी नवरात्रात गरब्यात पडली होती, मिनिटभर शुद्ध नव्हती. उपासामुळे झालं म्हणून घरी सांगितलंच नाही. ईसीजी फाइलमध्ये होता, आमच्यापैकी कोणी उघडून पाहिला नव्हता. सगळ्यांना एमआरआय नको हे मी अजूनही म्हणतो, हिच्यासाठी आता हट्ट नाही. दुसऱ्या डॉक्टरांशी बोललो, सोमवारी होल्टर, एमआरआयच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). ताई, एक विचारायचं होतं: मे महिना, 45 अंश, होल्टरचे पॅच घामाने निघतील का?

इको_ताई
निघतात. सकाळी आंघोळ करून यायला सांगा, अंगाला तेल-पावडर नको. आम्ही जास्तीची चिकटपट्टी लावून देतो. रात्री कुलरसमोर झोपू द्या, पण दिवसा घरात बसवून ठेवू नका. रोजचे जिने चढू दे, नाहीतर होल्टरवर काही येतच नाही. धडधडलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच वेळ कागदावर लिहायची. आणि स्कूटी, माफ करा, तूर्त वहिनींचंच ऐका.