माळ्यावरचा मोठा शंख: कोणता आहे, आणि पांढरी पूड का धरते?

गिरगाव_माळा: जुन्या लाकडी पेटीत एक शंख निघाला. लांबी 41 सेंमी, टोक लांब निमुळतं, अंगावर तपकिरी चंद्रकोरींची नक्षी, तोंड आतून केशरी. पांढरी पूड धरली आहे, पुसली की पुन्हा येते. पूजेचा शंख एवढा असतो का? चिंचेने घासला तर चकाकेल?

ओहोटी: चिंच, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही लावू नका. शंख हा मुळात कॅल्शियम कार्बोनेट. आंबट लागलं की फसफसतो आणि गेलेली झिलई परत येत नाही.

पूड म्हणजे बुरशी नव्हे. लाकूड, प्लायवुड, पुठ्ठा यांतून आम्लाची वाफ सुटते, मुंबईची दमट हवा तिला साथ देते आणि पृष्ठभागावर क्षार फुटतात. पेटीतून काढल्याशिवाय थांबणार नाही. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस बुडवा, पाणी रोज बदला, मऊ टूथब्रश फिरवा. मग तोंड खाली करून सावलीत चार-पाच दिवस वाळवा. आतल्या वेटोळ्यांत पाणी अडकून राहतं. हवंच तर मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल नको, ते खवट होतं. खड्डे पडले असतील तर ते मात्र भरून येत नाहीत.

प्रवाळ_वेडा: वर्णनावरून ट्रायटन (कॅरोनिया ट्रायटोनिस), म्हणजे एका मोठ्या समुद्री गोगलगाईचा शंख. तोंडात बोट घालून मधला खांब चाचपा: पूजेच्या शंखाला तिथे तीन-चार ठळक वळ्या असतात, ट्रायटनला गडद तपकिरीवर पांढऱ्या बारीक सुरकुत्या, बाहेरच्या ओठावर पांढऱ्या दातांच्या जोड्या.

मुंबईच्या गढूळ किनाऱ्यावरचा हा प्राणी नव्हे. त्याला प्रवाळ लागतं. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार. प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशाचा वास काढत जातो, पायाखाली दाबतो, खरवडणाऱ्या जिभेने कातडी फोडतो आणि लाळेने त्याला लुळा करतो.

गिरगाव_माळा: म्हणजे प्रवाळाचा राखणदारच की!

प्रवाळ_वेडा: तेवढं सोपं नाही. एक ट्रायटन आठवड्याला साधारण एकच तारामासा संपवतो. प्रवाळावर ते हजारोंनी उतरतात तेव्हा हा हिशेब जुळत नाही. पाण्यात ट्रायटनचा नुसता वास असला तरी ते पांगतात, खरा उपयोग कदाचित त्यातच. पण शोभेसाठी एवढे शंख उचलले गेले की वास द्यायलाही फारसे उरले नाहीत.

कलम_39: धुण्याआधी कागद बघा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 2001 पासून हा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. मालकी प्रमाणपत्र नसताना बाळगणंही अडचणीचं. विकणं तर विचारूच नका. ऑनलाइन फोटो टाकून भाव विचारू नये. खात्री करायची तर फोर्टला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) हॉर्नबिल हाउसमध्ये फोटो दाखवा, मग वनविभागाला लेखी कळवा आणि पोच घ्या.