इन्सब्रुकमधला पहिला हिवाळा: जेवण, व्यायाम आणि रोडल/ल्यूज – सल्ला हवा आहे

हळदीचं_पान | ३ डिसेंबर

नमस्कार मंडळी. मी सांगलीची. सप्टेंबरअखेरीस मास्टर्ससाठी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला आले. इथे येईपर्यंत बर्फ पडताना कधी पाहिला नव्हता. आता खोलीच्या खिडकीतून नोर्डकेटेचे डोंगर रोज पांढरे दिसतात आणि अभ्यासात लक्ष लागत नाही!

गेल्या रविवारी ट्रॅममध्ये एक आजी आणि नातू भेटले. आजीच्या मांडीवर लाकडी घसरगाडी, खाली लोखंडी पट्ट्या, बसायला कापडी पट्ट्यांची वीण. मी विचारलं, तर म्हणाल्या, "ही रोडल, माझ्या वडिलांची." तेव्हापासून डोक्यातून ते जातच नाही. त्यातच इग्ल्सची, घसरगाड्यांच्या शर्यतींची बर्फाची पन्हळ आमच्या हॉस्टेलपासून फार लांब नाही. भारताचा शिव केशवन १९९८ मध्ये नागानोला ल्यूजमध्ये (पाठीवर झोपून पन्हळीतून घसरायचा खेळ) उतरला तेव्हा फक्त १६ वर्षांचा होता आणि पुढे २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिम्पिक खेळला, हे शाळेत असताना वाचलं होतं. मला ऑलिम्पिक नको, पण हा खेळ नीट शिकायचा आहे.

माझे प्रश्न:
सुरुवात रोडलने करू की थेट एखादा क्लब गाठू?
मी शाकाहारी आहे, अंडी खाते. दुपारी मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये जेवते, लॅबमधून परत यायला सात वाजतात आणि तोवर हातपाय गळून जातात. काय बदलू?
कॉलेजात पाच वर्षं खो-खो खेळले, इथे आल्यापासून व्यायाम बंद आहे. कोणता व्यायाम सुरू करू?
आणि आईला काय सांगू? तिने "बर्फावरून घसरणे" एवढंच ऐकलंय आणि ती रोज फोनवर तेच विचारते.

इनकाठची | ३ डिसेंबर

हळदीचं पान, स्वागत गं. मी बारा वर्षं इथेच तिरोल राज्यात आहे, दोन्ही मुलं रोडलवरच वाढली. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी स्पष्ट आहे: आधी लाकडी रोडल, नैसर्गिक वाटेवर, पूर्ण एक हिवाळा. पन्हळ नंतर. कारण सांगते. ल्यूजला आणि स्केलेटनला (तेच, पण पोटावर झोपून) ब्रेक नसतो. रोडलला तुझे दोन पाय हाच ब्रेक. वेग कसा वाढतो, वळण अंगावर कसं येतं, घाबरल्यावर आपलं शरीर काय करतं, हे थांबता येतं अशा ठिकाणी आधी कळायला हवं.

गाडी भाड्याने घेताना "रोडल"च माग. साधी ताठ स्लेज मिळते ती वळत नाही, आणि प्लास्टिकची तर घेऊच नकोस. खऱ्या रोडलच्या पट्ट्या किंचित तिरप्या असतात आणि सांधे थोडे हलतात, म्हणून ती ऐकते. डावीकडे वळायचं तर अंग डावीकडे झुकवायचं, उजव्या पायाने उजव्या पट्टीच्या टोकाला आत दाब द्यायचा, डाव्या हाताने दोरी ओढायची. ब्रेक लावताना टाच रोवू नकोस, घोटा दुखावतो. दोन्ही तळवे गाडीच्या दोन्ही बाजूंना सपाट टेकव. अगदी जागच्या जागी थांबायचं असेल तर पाय टेकलेले ठेवून पुढची टोकं वर उचल. हे सपाटीवर वीस वेळा कर, मगच वर जा.

पहिल्या दिवसासाठी मुत्तरर आल्म (आल्म म्हणजे डोंगरावरचं कुरण). श्टुबायटालची ट्रॅम पकडून मुटर्सकडे जायचं, गोंडोलाने वर आणि रोडलने खाली. ज्या वाटांना तिरोल सरकारचं गुणवत्ता-चिन्ह आहे त्या निवड. बिर्गिट्झर आल्म, रुमर आल्म इथे गाडी ओढत चालत चढावं लागतं, पण तोच तुझा व्यायाम. चढताना कायम कडेने चाल. हेल्मेट हवंच, आणि संध्याकाळी कपाळावरचा दिवा.

आता आईसाठी. विद्यार्थ्यांच्या साध्या आरोग्य विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका सहसा येत नाही आणि ते बिल फार मोठं असतं. ऑस्ट्रियन आल्पेनफेराइनची, म्हणजे इथल्या गिर्यारोहण संघाची सभासद हो. सभासदत्वातच सुटकेच्या खर्चाचा विमा असतो, २५,००० युरोपर्यंत. विद्यार्थ्यांना वर्गणी कमी आहे. डोंगरातला मदतीचा नंबर १४०, बाकी युरोपभर ११२. हे दोन्ही नंबर आईलाही लिहून दे, तिला धीर येईल.

एल्बकाठ | ४ डिसेंबर

ताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकतो. आमच्या जवळ आल्टेनबर्गची पन्हळ आहे, १७ वळणांची. गेल्या फेब्रुवारीत तिथे पाहुणा म्हणून बॉबमध्ये, म्हणजे चौघांच्या घसरगाडीत बसलो: पुढे पायलट, मागे ब्रेकमन, मध्ये आम्ही दोघं. पैसे विद्यार्थ्याच्या खिशाला जड पडतात, पण एकदा अनुभव घेण्यासारखा आहे. इग्ल्सलाही अशी पाहुण्यांची बॉब असते.

बसल्यावर पायलटने एकच सांगितलं होतं: मान आखडून, खांदे कानाजवळ घे. पहिली तीन वळणं मी मोजली. चौथ्यापासून मोजणं सुटलं. मोठ्या वळणात हनुवटी छातीवर दाबली गेली आणि समोरच्याच्या हेल्मेटवरचा एक ओरखडा सोडून मला काहीही दिसत नव्हतं. मिनिटभरात सगळं संपलं. दोन दिवस मान दुखत होती. शिकायला त्यातून काही मिळत नाही, कारण तुम्ही नुसते बसलेले असता. पण या खेळाडूंना मान किती मजबूत लागते ते मात्र कळतं.

बाकीच्या दोन खेळांतला फरक तुला उपयोगी पडेल. ल्यूजमध्ये पाठीवर झोपून पाय पुढे. बसूनच सुरुवात, दोन दांड्या धरून मागे-पुढे झोका घ्यायचा, झटक्यात ओढायचं, मग खिळ्यांच्या हातमोज्यांनी बर्फ मागे ढकलायचा. म्हणजे पाठ, खांदे आणि बोटं. स्केलेटनमध्ये पोटावर, डोकं पुढे, आणि सुरुवातीला वाकून गाडी ढकलत साधारण तीसेक मीटर जोरात पळायचं. ल्यूजचे लोक लहानपणापासून गाडीवर असतात. स्केलेटनमध्ये धावण्याच्या शर्यतीतून वगैरे उशिरा आलेले बरेच जण सापडतात. तू खो-खोवाली. वाकून, एका हाताला आधार घेऊन उसळी मारणं तुला येतंच. मी तुझ्या जागी असतो तर दोन-तीन वर्षांनी स्केलेटनचा विचार केला असता.

गोडामसाला | ४ डिसेंबर

जेवणाचं मी सांगते. मी व्हिएन्नात होते चार वर्षं, आता पुण्यात.

सात वाजता हातपाय गळतात याचं कारण दुपारचं जेवण नाही, सकाळचं आहे. कॉफी आणि ब्रेडवर निघत असशील. टॉपफेन आण, चक्क्यासारखं लागतं. शंभर ग्रॅमला सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे अडीचशेच्या डब्यात तीस. रात्री वेलची, चिमूटभर जायफळ आणि थोडी साखर घालून फेटून ठेव, सकाळी ओट्स आणि सफरचंद घालून खा. श्रीखंडाची आठवण भागते आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. घट्टपणा वेगवेगळा असतो, फार पातळ निघालं तर तासभर फडक्यात बांध.

तू सांगलीची, म्हणजे अख्खा मसूर तुला शिकवायला नको. तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात तपकिरी अख्खे मसूर मिळतात. लक्षात ठेव, रविवारी दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी भिजत घाल, रविवारी मोठं पातेलं कर, चार डबे भरून फ्रीजमध्ये. चार वाजता लॅबमध्ये एक छोटा डबा खायचा. रात्रीचं जेवण मग हलकं चालतं. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि कुळथाचं पीठ मागव. रोडलवरून गारठून आल्यावर कुळथाच्या पिठल्यासारखं दुसरं काही नाही.

डोंगरावरच्या झोपड्यांमधल्या जेवणाबद्दल एक सावधगिरी. कास्प्रेसक्न्योडल म्हणजे चीजची चपटी टिक्की, तिच्यात मांस नसतं. पण ती ज्या सूपमध्ये देतात ते बहुतेक वेळा गोमांसाचं असतं. मला हे दुसऱ्या वर्षी कळलं आणि फार वाईट वाटलं होतं. सॅलडबरोबर मिळेल का, असं विचार, बऱ्याच ठिकाणी देतात. श्पेकक्न्योडलमध्ये डुकराचं मांस असतं. पालकाचे क्न्योडल, चीजचे श्पेट्झले (छोट्या शेवयांसारखे) मागव, पण वरून श्पेक (डुकराचं मांस) घालत नाहीत ना ते विचारून. आणि कायझरश्मारन, म्हणजे तुकडे केलेला गोड पॅनकेक, तर हवाच.

फिजिओ_नाशिक | ५ डिसेंबर

थोडक्यात लिहितो. दोन महिने व्यायाम बंद असलेलं शरीर एकदम बर्फावर नेऊ नका. आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटं पुरतात. बैठका, एका पायावरच्या बैठका, जोर, दांडीला लटकणं आणि जमेल तसं वर ओढणं, प्लँक. सूर्यनमस्कार आधी अंग गरम करायला. मानेसाठी: तळहात कपाळावर ठेवून मानेने ढकला, हाताने रोखा, दहा सेकंद. तसंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. हलवायचं काही नाही, फक्त जोर. दुखलं तर थांबा.

शाकाहारी आहात, तर बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. थकवा त्याचाही असू शकतो.

आणि डोक्याला मार लागला, चक्कर आली, मळमळलं, तर त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही. "आता बरं वाटतंय" असं वाटलं तरी नाही. डॉक्टरांकडे जायचं.

मल्लखांबवाला | ६ डिसेंबर

लटकण्याबद्दल एक भर. दांडीवर टॉवेल टाकून त्याची दोन टोकं धरून लटका. दोरीच्या मल्लखांबाने आमची पकड अशीच तयार झाली. ल्यूजच्या सुरुवातीला बोटांची ताकद लागते असं वर लिहिलंय, तिथे कामाला येईल. विद्यापीठाच्या क्रीडा संस्थेत सत्राच्या सुरुवातीला स्वस्तात वर्ग असतात, जागा पटकन भरतात. नोंदणी कधी उघडते ते आत्ताच बघून ठेवा.

हळदीचं_पान | १२ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुत्तरर आल्मला जाऊन आले, म्हणून लगेच लिहायला बसले.

आधी खालीच सपाटीवर पाय टेकण्याचा सराव केला. एक छोटी मुलगी उभी राहून बघत होती, तिने मला टाच वर घ्यायला सांगितली. बरोबर होतं तिचं. पहिल्या फेरीत मी सगळा वेळ पाय टेकूनच आले आणि बुटांच्या पुढून बर्फाचा भुगा थेट तोंडावर. चष्मा पांढरा झाला. तीनदा थांबून पुसला. एका वळणावर दोरी उलट बाजूला ओढली आणि कडेच्या मऊ बर्फात कंबरेपर्यंत गेले. लागलं काही नाही.

दुसऱ्या फेरीत मात्र झाडीतल्या एका लांब वळणावर एकदा जमलं. उजवा पाय दाबला, अंग आत टाकलं, आणि गाडी आपणहून वळली. पट्ट्यांचा खरखर आवाज एकदम बंद होऊन नुसती सळसळ राहिली. ते चार-पाच सेकंद मी अजून मनात पुन्हा पुन्हा चालवतेय.

टॉपफेनचं श्रीखंड रोज चालू आहे, चार वाजताचा मसुराचा डबाही. सात वाजता आता स्वयंपाक करायची ताकद उरते. बी-१२ कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या. आल्पेनफेराइनचं कार्ड आलं, त्याचा फोटो आईला पाठवला. तिने १४० हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

पुढच्या शनिवारी बिर्गिट्झर आल्म चालत चढायचा विचार आहे. एकटीने जाऊ का?

इनकाठची | १२ जानेवारी

एकटी नको. मी येते, धाकट्यालाही घेऊन. नऊ वाजता स्टेशनवर भेट. चष्म्यावर घालायचा स्कीचा मोठा गॉगल आमच्याकडे जास्तीचा आहे, आणते. तू पिठलं आण.