उभ्याने सबमिशन लावायला कुठून सुरुवात करू?

एकेरी_पट

नमस्कार. शाळा-कॉलेजात आठ वर्षं कुस्ती केली, मग मोठा खंड पडला. गेलं दीड वर्ष नो-गी ग्रॅपलिंग, म्हणजे जॅकेट न घालता खेळायची सबमिशनची कुस्ती, शिकतोय. वय ३४, वजन ८१ किलो.

पट काढणं, ढाक मारणं अंगात मुरलंय, त्यामुळे समोरच्याला खाली घ्यायला फार त्रास होत नाही. अडचण त्यापुढची आहे. तो पडला की मी क्षणभर थांबतो. पाठ टेकवली की काम झालं, हे शरीराला इतकी वर्षं शिकवलंय आणि इथे खरं काम तिथूनच सुरू होतं. मी सावरेपर्यंत त्याचा गुडघा मधे आलेला असतो, आणि मग पाच मिनिटं त्याच्या पायांशी झुंजण्यात जातात.

म्हणून वाटलं की उभं असतानाच एखादं सबमिशन, म्हणजे हार मानायला लावणारा सांध्याचा किंवा गळ्याचा डाव, लावायला शिकावं. जपानी लढवय्या रुमिना सातोने १९९९ मध्ये शूटो या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेतल्या लढतीत ६ सेकंदांत फ्लाइंग आर्मबार (उडी मारून समोरच्याचं कोपर ताणायचा डाव) लावून कुस्ती संपवली, तो व्हिडिओ डोक्यात बसलाय. दोन आठवडे करून पाहिलं. एकदा लागला, चार वेळा पाठीवर आदळलो.

गेल्या शनिवारी मात्र वाईट झालं. जोडीदाराचा हात काखेत घट्ट धरला आणि उभ्या-उभ्याच कोपरावर वजन टाकत खाली गेलो. त्याला टॅप करायला, म्हणजे थोपटून हार मानायला, वेळच मिळाला नाही. कोपर सुजलंय. तो एका शब्दाने बोलला नाही, पण मला ते खूप लागलंय.

उभ्याने नेमकं काय शिकावं? आधी काय, नंतर काय? आणि जोडीदाराला न दुखवता त्याचा सराव कसा करायचा?

घट्ट_मिठी

गिलोटिन शिका, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळायचा डाव. पट काढायला येणाऱ्याचं डोकं आपोआप तुमच्या काखेत येतं. मान धरायची, उडी मारून पाय कमरेभोवती घालायचे आणि मागे पडायचं. मला सगळ्यात आधी हेच जमलं.

मॅटवरची

गिलोटिन हे उत्तर बरोबर आहे, पण उडी मारू नका. मी चौदा वर्षं ग्रॅपलिंग करतेय, त्यातली सहा वर्षं शिकवतेय, आणि या विषयावर माझं मत फार ठाम आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

पकड उभ्याने घ्या, शेवट जमिनीवर करा, आणि मधल्या पडण्यात पकड सुटू देऊ नका. तुमची पाडल्यानंतर थांबायची सवयही यानेच जाईल. हातात पकड असेल तर 'आता काय' हा प्रश्न उरतच नाही.

१९५१ मध्ये रिओच्या माराकानामध्ये जपानी जुडोपटू मासाहिको किमुरा ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या एलिओ ग्रेसीशी लढला. त्याने ओसोतो-गारी या जुडोच्या फेकीने ग्रेसीला आपटलं आणि खाली त्याचा हात मागे पिळला. ग्रेसीने टॅप केलं नाही, हात मोडला, शेवटी त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल टाकला गेला. त्या पिळ्याला आज आपण किमुरा म्हणतो. नुसता पिळा बघू नका, फेक आणि पिळा यांच्यात किती कमी अंतर आहे ते बघा.

तुम्हाला कुस्तीची सवय आहे, म्हणून मी फ्रंट हेडलॉकपासून सुरू करेन. समोरचा पट काढायला वाकला की तुम्ही पाय मागे टाकून छातीचं वजन त्याच्या खांद्यांवर देता, हे तुम्हाला येतंच. तिथे एक हात त्याच्या हनुवटीखाली घाला, तळहात हनुवटीला धरून, आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड कोपराच्या वर पकडा. यात अजून गळा दाबलेला नाही, फक्त डोकं आणि एक हात तुमच्या ताब्यात आहेत. इथे घाई केली की सगळं जातं. आधी त्याला चालवा. गोलात फिरा, डोकं खाली ओढा, त्याला स्वतःचं वजन पायांवर सांभाळत राहू द्या. तो हात टेकवेल, किंवा मान वर काढायचा प्रयत्न करेल. मान वर आली तर गिलोटिन: अंगठ्याकडचं मनगटाचं हाड गळ्याखाली, दोन्ही हात जुळवलेले, कोपर वर, कंबर पुढे. हात टेकवला तर त्याच्या काखेतून हात घालून ॲनाकोंडा किंवा डार्स (दोन्हींत मान आणि त्याचाच एक हात मिठीत धरून गळा आवळतात). दोन्ही टाळून तो खालीच बसला तर पाठीमागे जा. तीन वाटा आहेत आणि कुठली घ्यायची ते तोच सांगतो. माझे विद्यार्थी पहिले दोन महिने हीच एक जागा घोटतात. कंटाळतात, तरी मी बदलत नाही.

दुसरी जागा किमुराची. तो मागून कमरेला मिठी मारतो तेव्हा एका हाताने त्याचं मनगट पकडा, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलंच मनगट धरा. त्याचं मनगट तुमच्या छातीला चिकटलेलं हवं. आता कंबर फिरवून त्याच्याकडे तोंड करा. जपानी लढवय्या साकुराबाने २००० साली रेन्झो ग्रेसीला याच पकडीने हरवलं होतं. उभ्याने हात पिळू नका. त्या पकडीचा उपयोग त्याला चालवायला, वळवायला आणि खाली न्यायला करा. खाली पोचलात की पिळायला निवांत वेळ असतो.

तिसरा आर्म ड्रॅग. त्याचा दंड आडवा ओढायचा, बाहेरून पाऊल टाकायचं आणि छाती त्याच्या खांद्याच्या पात्याला लावायची. मार्सेलो गार्सियाने २००३ च्या एडीसीसी या ग्रॅपलिंग स्पर्धेत 'शाओलिन' रिबेरोच्या पाठीवर जाऊन गळा आवळला, ती लढत जरूर पाहा. नवशिक्याने मात्र पाठीवर चढू नये. मिठी पक्की करून त्याला आपल्याबरोबर खाली बसवावं.

आता त्या कोपराबद्दल. तुम्ही जे केलंत त्याला जुडोत वाकी-गातामे म्हणतात. जमिनीवर आर्मबार लावताना कंबर किती वर उचलायची हे तुमच्या हातात असतं. उभ्याने तोच सांधा अडकवून खाली गेलात की दोघांचं वजन एका कोपरावर येतं. पडायला लागलेलं शरीर टॅप ऐकून थांबत नाही. म्हणूनच जुडोत हा डाव उभ्याने लावून थेट खाली पडायला बंदी आहे. फ्लाइंग आर्मबार, फ्लाइंग ट्रँगल (उडी मारून पायांनी गळा आवळणं), कात्रीचा डाव (उडी मारून त्याचे पाय आपल्या दोन पायांत धरून पाडणं), सगळ्यांना हेच लागू आहे. १९८० मध्ये जुडोच्या लढतीत एंदोच्या कात्रीने यामाशितासारख्या मल्लाचा पाय मोडला, आणि पुढे जुडोतून हा डाव (कानी-बसामी) हद्दपार झाला. माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्याचे दोन लिगामेंट सरावातल्या अशाच उडीने गेले. जोडीदार माझ्या मांडीवर उडी मारून बसला, माझं पाऊल मॅटला चिकटलेलं राहिलं आणि गुडघा आत वळला. नऊ महिने मी मॅटवर पाय ठेवू शकले नाही. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, तुम्हीही केलेलं नाही. त्याला फोन करा, कोपर डॉक्टरांना दाखवायला सांगा, शक्य असेल तर बरोबर जा.

सराव असा करा. पहिले दोन आठवडे दोघंही गुडघ्यांवर, म्हणजे पडायची उंचीच राहत नाही. मग उभं राहा, पण पकड पूर्ण झाली की थांबायचं आणि सोडायचं. त्यानंतर पकड घेऊन हळू खाली न्यायचं, जोर शून्य. पूर्ण वेगात करायची वेळ सगळ्यात शेवटी. टॅप तोंडाने करायचं हे आधीच ठरवून घ्या, कारण उभ्याने बऱ्याचदा दोन्ही हात अडकलेले असतात.

गळा आवळताना आणखी एक. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर साधारण १० सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. जमिनीवर तो जागच्या जागी सैल होतो, उभ्याने तो कोसळतो आणि डोकं आपटतं. त्याचं वजन अचानक जड लागलं तर गळा लगेच सोडा, पण माणसाला सोडू नका. काखेत धरून खाली टेकवा.

घट्ट_मिठी

उडीबद्दल मी बिनविचाराने लिहिलं. आमच्याकडे सगळे तसंच करतात, म्हणून कधी शंका आली नाही. स्पर्धेत तरी चालतं ना?

मॅटवरची

आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू संघटनेच्या स्पर्धांत उडी मारून क्लोज्ड गार्ड (कमरेभोवती पाय आवळणं) घेणं व्हाइट बेल्टना मना आहे आणि कात्री कुठल्याच बेल्टला चालत नाही. उडी मारताना समोरच्याचा गुडघा सरळ आणि पाऊल रोवलेलं असेल तर सगळा भार सांध्यावर जातो. तुम्हाला गिलोटिन छान जमत असेल तर पकड तीच ठेवा आणि उडीऐवजी खाली बसा. एक पाय त्याच्या दोन पायांच्या मधे, नितंब आपल्या टाचेजवळ. तो तुमच्या पाठोपाठ हळू खाली येतो.

एकेरी_पट

ताई, मनापासून आभार. काल त्याच्याकडे गेलो होतो. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे, तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे. तुम्ही लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं.

आज दुसऱ्या एका मुलाबरोबर गुडघ्यांवरून फ्रंट हेडलॉक केला. हनुवटीखाली हात जातो, पण दंड धरेपर्यंत तो डोकं बाहेर काढतो. जवळजवळ दर वेळी.

मॅटवरची

हात आधी आणि छाती नंतर जात असणार. क्रम उलटा करा. आधी तुमच्या छातीचं वजन त्याच्या मानेच्या मागे येऊ द्या, तुमचा कान त्याच्या पाठीला लागेल इतकं जवळ, मग हात घाला. वजन वर असेल तर डोकं काढायला त्याला आधी तुम्हाला उचलावं लागेल, आणि तेवढ्यात दंड सापडतो. दोन-तीन मिनिटांच्या फेऱ्या करा, त्याला फक्त डोकं काढायचं काम द्या, तुम्ही फक्त धरून ठेवायचं. पुढच्या आठवड्यात कसं चाललंय ते इथेच लिहा.